सिस्टरांच्या घरातली जादा तार

फोनवर बोलता बोलता सिस्टर मध्येच थांबायच्या. रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायच्या आणि समोर जो कुणी बसला असेल त्याच्याकडे बघून हळूच म्हणायच्या, "आवाज लांब गेला." मग पुन्हा रिसीव्हर कानाला लावून पलीकडच्या माणसाला सांगायच्या, "हां, बोला आता. जरा मोठ्यानं."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. उतारवयात पुष्कळांना फोनवरचा आवाज लांबचा वाटतो. तुमच्याही घरात असं कुणी असेल, दोष कानाचा असतो आणि बोलणी टेलिफोन खात्याला बसतात. सिस्टरही त्यातल्याच, असं मी धरून चाललो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत इंटरनेट नवंनवं होतं आणि मी एका कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरी करत होतो. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, कॉम्प्युटर मांडायचा, मोडेम लावायचा, टेलिफोनची तार त्यात खोचायची आणि इंटरनेट चालू करून दाखवायचं, हे माझं काम. फोन लावताना मोडेम किंचाळायचा, मग घरघरायचा, मग एकदम गप्प व्हायचा. सिस्टरांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मान तिरकी करून म्हणाल्या, "याच्या छातीत कफ झालाय."

त्या एका मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. कुपवाड रस्त्यालगतच्या कॉलनीत त्यांचं लहानसं बैठं घर होतं. कॉलनीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत, भाजीवालासुद्धा. माहेर पाटणकडचं, कोयनेच्या खोऱ्यातलं. त्यांच्या आईवडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा त्या शाळेत होत्या. शिकल्या, नर्स झाल्या, सांगलीत आल्या आणि इथंच राहिल्या. नवरा वारलेला, एकुलता मुलगा बेंगळुरूला. त्यानंच आईला कॉम्प्युटर घेऊन दिला होता, नातवाचे फोटो पाठवता यावेत म्हणून.

फोटो कपाळापासून यायला सुरुवात व्हायची. एकेक पट्टी खाली सरकायची. नातवाचे डोळे येईपर्यंत सिस्टरांचा चहा उकळून व्हायचा, नाक येईपर्यंत पिऊन व्हायचा आणि हनुवटी यायच्या आत लाइन तुटायची. "आमच्या नातवाला अजून हनुवटी फुटली नाही," असं त्या शेजारणींना सांगायच्या.

मला बघितलं की म्हणायच्या, "या मोडेमवाले. पेशंट तसाच आहे."

मी मोडेम बदलून पाहिला. कॉम्प्युटर दुकानात नेऊन पाहिला. दुकानात तो सरळ चालला. टेलिफोनचा लाइनमन आला, खांबावर चढला, तिथून लाइन तपासून खाली उतरला आणि म्हणाला, "खांबापर्यंत लाइन चकाचक आहे. पुढचं तुमचं घर." आमच्या मालकांचं म्हणणं, म्हातारीला नीट वापरता येत नसेल. सिस्टर त्या वेळी साठीच्या होत्या आणि माझ्यापेक्षा भराभर चालत.

मग मी घरातली तार धरली. बाहेरच्या खोलीत एक फोन, झोपायच्या खोलीत एक जोड, स्वयंपाकघरात एक. त्यांच्या नवऱ्यानं हौसेनं सगळीकडे तारा फिरवल्या होत्या. तारा जोडलेलं एकेक खोकं उघडत गेलो. एकात ओल येऊन हिरवट बुरशी चढलेली. दुसऱ्यात तारेच्या जोडावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी गुंडाळलेली. सिस्टर हसल्या. "घरात दुसरं होतं काय?" मी ती तार काढून नवी टाकली. फरक पडला नाही. इंटरनेट संथ तर चालायचंच, पण दुपारी हटकून तुटायचं.

"दुपारी त्याला काय होतं?" मी स्वतःशीच पुटपुटलो.

"दुपारीच आवाज लांब जातो," सिस्टर म्हणाल्या.

या वेळी मला हसू आलं नाही.

त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या तारा सोडवल्या. बाहेरून येणारी तार भिंतीतून आत येते तिथंच मोडेम जोडला. तरी तेच. म्हणजे दोष घरात नव्हता आणि लाइनमनच्या म्हणण्याप्रमाणे खांबावरही नव्हता. मधे उरली ती गच्चीवरून येणारी काळी तार. मी शिडी लावून वर गेलो.

ऊस तोडणीचे दिवस होते. लांब रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरची गाणी ऐकू येत होती आणि ऊन सौम्य होतं. कठड्याला धरून मी तारेवर बोट फिरवत चाललो. पाण्याच्या टाकीमागं बोटाला गाठ लागली. तिच्यावर काळी टेप होती. तार उन्हापावसानं पांढुरकी झालेली आणि टेप मात्र नवीकोरी, चकाकणारी. गाठीतून एक बारीक करडी तार निघाली होती. ती कठड्याच्या कडेनं, पन्हळीच्या आडून, नीट खिळे मारत खाली नेलेली होती आणि शेजारच्या घराच्या तळमजल्यावरच्या खोलीच्या झरोक्यात शिरली होती.

घाईनं केलेलं काम नव्हतं ते. कुणीतरी सावकाश, मन लावून केलेलं होतं.

मी खाली आलो आणि जे पाहिलं ते सांगितलं. सिस्टरांनी आधी गॅस बंद केला. मग पदराला हात पुसत खुर्चीवर बसल्या.

"कुठल्या खोलीत?"

"तळमजल्याच्या. झरोक्यातून."

"म्हणजे पलीकडून कुणी ऐकू शकतं?"

"फोन उचलला की सगळं ऐकू येतं. बोलायचा भाग काढून टाकला असेल तर त्याचा श्वाससुद्धा आपल्याकडे येत नाही. फक्त आवाज जरा बारीक होतो."

"लांब जातो," त्या म्हणाल्या.

शेजारच्या त्या खोलीत दिवाळीनंतर एक तरुण भाडेकरू आला होता. नदीकाठच्या गावातला. मोटारसायकलवरून कुपवाडच्या कारखान्यात जातो म्हणायचा, पण दुपारी घरीच असायचा. मितभाषी, नम्र. सिस्टरांना "आवं सिस्टर" म्हणून हाक मारायचा. त्याला ताप आला तेव्हा सिस्टरांनीच इंजेक्शन दिलं होतं आणि भात-वरणही नेऊन दिलं होतं.

मग त्यांनी मला एका मुलीची गोष्ट सांगितली. ती त्यांच्या हाताखाली नर्सिंग शिकलेली. घर बागायतदाराचं, उसाची जमीन, घरातली दोन माणसं लष्करात. तिनं कुपवाडच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा बौद्ध. कचेरीत सही करायला साक्षीदार हवे होते, त्यात सिस्टर होत्या. लग्न झालं त्याच दिवशी दोघांनी सांगली सोडली. मुलाला शिरवळच्या एका कारखान्यात काम मिळालं. मुलगी रोज दुपारी तिथल्या एसटीडी बूथवरून सिस्टरांना फोन करायची.

"तिला दिवस गेलेत," सिस्टर म्हणाल्या. "चौथा लागला तरी उलट्या होतात म्हणून विचारायला फोन करते. मी काय खायचं ते सांगते. हेही त्यानं ऐकलं असणार."

"तो कोण तिचा?"

"तिला एक चुलतभाऊ आहे. तिच्यावर लय जीव, असं तीच सांगायची. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. बोलताना ती गावाचं नाव घेत नाही. पण परवा मीच विचारलं, शिरवळला थंडी कशी हाय म्हणून. माझ्याच तोंडातून गेलं."

कालपासून शेजारच्या दारात एक जीप उभी होती. येताना मीही ती पाहिली होती.

मी पक्कड घेऊन उठलो. "तार तोडून टाकतो."

"तोडू नका. तोडली की त्याला कळेल, आपल्याला कळलं."

सिस्टरांचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. रुग्णालयात असाच लागत असेल, अपघाताचा माणूस आत आणला की. त्यांनी पिशवी घेतली, भाजीला निघाल्यासारखी, आणि शेजारच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या भाडेकरूला म्हणाल्या, "मेथी आणते. तुला आणू का जुडी?"

"नगं, सिस्टर," तो म्हणाला. जीपमधली माणसं दुसरीकडे बघत होती.

त्या आमच्या दुकानात आल्या आणि तिथल्या फोनवरून शिरवळच्या कारखान्यात फोन लावला. त्या मुलीचा नवरा फोनवर येईपर्यंत त्या काउंटरवरचा एक कागद घड्या घालत उभ्या होत्या. मग थोडंच बोलल्या. आत्ता निघा. सामान घेऊ नका. कुठं जाताय ते मलाही सांगू नका. उद्या दुपारी जिथं असाल तिथून तिनं रोजच्यासारखा मला फोन करायचा आणि मी जे बोलेन त्याला फक्त हो म्हणायचं.

फोन ठेवल्यावर मालकांनी विचारलं, "काय सिस्टर, कुणी आजारी आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "होऊ नये म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. कॉम्प्युटरचं झाकण उघडून बसायचं, एवढंच काम. मी बसलो. जीप दारातच होती, म्हणजे अजून निघाली नव्हती. का थांबले होते ते लोक? सिस्टरांच्या मते मुलीचं शिरवळमधलं घर कळायची वाट बघत होते. गाव मोठं नसलं तरी दारोदार विचारत फिरलं की बोभाटा होतो.

फोन वाजला. सिस्टरांनी तो दोनदा वाजू दिला.

"बोल बाळा. उलटी थांबली का? बरं. ऐक आता. तिथं राहू नका. माझ्या माहेरच्या घरी जा, पाटणच्या वरच्या अंगाला. घर बंदच असतं, कुणी विचारणार नाही." त्यांनी गावाचं नाव सांगितलं, वळण सांगितलं, ओढ्यावरचा फरशीचा पूल सांगितला. "किल्ली उंबऱ्याजवळच्या पाट्याखाली हाय. आज रात्रीपर्यंत पोचा. म्हातारपणी मला धावपळ होत नाही, चार दिवसांनी मीच येते."

मधेच त्या थांबल्या. रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मला पलीकडच्या मुलीचं "हो... हो..." ऐकू आलं, मुंगीएवढं.

"जपून जा," असं म्हणून सिस्टरांनी फोन ठेवला. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. आम्ही दोघंही खिडकीकडे न बघता बसलो. थोड्या वेळानं शेजारचं दार वाजलं. कुणाच्या तरी चपला पळाल्या. जीप चालू झाली आणि रस्त्याला लागली.

सिस्टर उठल्या, खिडकीशी गेल्या आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, सुटल्यासारखं काही बोलतील.

"वर घाटात आता लय थंडी असंल," त्या म्हणाल्या. "सकाळी बघितलं, त्या पोरानं अंगात नुसता सदरा घातलाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप परत आली तेव्हा मी सिस्टरांच्याच घरी होतो. ती तार आता ठेवण्यात अर्थ नव्हता म्हणून मी गच्चीवरून ती सोडवून आणली होती आणि अंगणात उभा राहून गुंडाळत होतो. तो भाडेकरू मुलगा एकटाच फाटकातून आत आला. केसांत, भुवयांत लाल धूळ. सिस्टर दारात होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

"चहा नगं. तुमचं घर मोकळं हाय. छप्पर आत आलंय."

"येणारच. माणूस नसलं की घर पडतं."

"तुमी मुद्दाम धाडलंसा आमास्नी."

"व्हय."

त्यानं माझ्या हातातल्या तारेकडे पाहिलं. रागावला नाही. उलट चोरी पकडलेल्या माणसासारखी त्याची मान एकदा खाली गेली.

"आमच्या घरातनं पोरगी गेलीया, सिस्टर. चुलती धड जेवत न्हाई. चुलता वावरात जात न्हाई. लोक तोंडावर हसत्यात. तुमाला काय कळणार त्यातलं?"

"कळतंय मला. बस इथं आणि एकच सांग. ती सापडली तर तू काय करणार?"

तो उभाच राहिला.

"तिला घरी नेणार? आणि तिच्या नवऱ्याला? तिच्या पोटातल्याला? काय ठरलंय तुमचं, ते मला इथं बसून सांग. मी काही बोलणार नाही, नुसती ऐकते."

बराच वेळ गेला. रस्त्यावरून कारखाना सुटलेल्या मोटारसायकली जात होत्या. तो सिस्टरांच्या पायांकडे बघत होता. त्याला उत्तर माहीत नव्हतं असं नाही, हे मला तेव्हा समजलं. ते दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं आणि त्याला ते तोंडानं म्हणता येत नव्हतं.

"बघ," सिस्टर हलकेच म्हणाल्या. "तुलाच सांगवेना."

तो वळला. फाटकाशी पोचल्यावर कडीवर हात ठेवून म्हणाला, "तुमी एकट्या राहता, सिस्टर. ध्यान ठेवा."

ही काळजी होती की धमकी, यावर मी आणि सिस्टर नंतर पुष्कळदा बोललो. त्या म्हणायच्या काळजी. मी म्हणायचो धमकी. कदाचित दोन्ही असेल. माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं.

त्या आठवड्यात त्यानं खोली सोडली. पण जीप कॉलनीच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहू लागली, कधी सकाळी, कधी संध्याकाळी. आत वेगवेगळी माणसं असत. ती काही करत नसत. नुसती बसत. सिस्टरांनी पोलिसांत अर्ज दिला आणि मी पाहिलेलं सगळं सांगून खाली सही केली. एक हवालदार आला, तारेचं भेंडोळं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "तार कुणाची, हे तारेवर लिहिलेलं नसतं." शेजारचा घरमालक म्हणाला, मला यातलं काही ठाऊक नाही. कॉलनीतल्या बायका सिस्टरांकडे बीपी बघायला यायच्या, त्या हळूहळू यायच्या बंद झाल्या.

एकदा खांबाजवळ त्यांची तार कापलेली सापडली. लाइनमननं जोडून दिली. एकदा दारात नारळ आणि लिंबं ठेवलेली होती. सिस्टरांनी नारळ फोडून चटणी केली आणि मलाही वाढली. मी ताट बाजूला सारलं. त्या म्हणाल्या, "खावा हो. नारळाचा काय दोष?" हसल्याही. पण त्या दिवसांत त्या खिडकीकडे पाठ करून बसत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

इंटरनेट मात्र आता वेगानं चालायचं. जादा तार गेली तसा मोडेमचा कफ सुटला. नातवाचा फोटो बघता बघता हनुवटीपर्यंत उतरायचा, खालचे इवलेसे बूटसुद्धा दिसायचे. सिस्टर अर्धा फोटो बघायच्या आणि उठून रस्त्याकडे नजर टाकून यायच्या.

मुलगा बेंगळुरूला या म्हणून रोज विनवत होता. त्या तयार नव्हत्या. "मी गेले की ते समजतील, ही घाबरली. आणि मग दुसऱ्या साक्षीदाराकडं जातील." पुढं उन्हाळा आला. त्या मुलीचे दिवस भरत आले. तिची खबर सिस्टरांना कुठून मिळायची कोण जाणे, घरच्या फोनवरून नक्कीच नाही. एके दिवशी सकाळी त्या दुकानात आल्या आणि मला म्हणाल्या, "स्टँडपर्यंत सोडता का मला?"

हातात एक पिशवी आणि खांद्याला त्यांची जुनी रुग्णालयातली बॅग. मी स्कूटर वेगळ्याच गल्ल्यांतून काढली. मागं कुणी नव्हतं. स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्यांची घुंगरं वाजत होती आणि गर्दी होती, तेच बरं होतं.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"ते विचारू नका."

"मी कुणाला सांगेन असं वाटतं का तुम्हाला?"

"तुम्ही चांगलं माणूस आहात," त्या म्हणाल्या. "चांगल्या माणसाकडून काढून घेणं सोपं असतं. ज्याला माहीतच नाही, त्याच्याकडून काय काढणार? आता वळा आणि जा. गाडीची पाटी वाचू नका."

मी वळलो. पाठीमागं तीन-चार गाड्या एकदम सुरू झाल्या होत्या. त्यांतल्या कुठल्या गाडीत त्या चढल्या हे मी पाहिलं नाही. सिस्टर मला परत दिसल्या नाहीत.

पुढं वर्षभरानं त्यांचा मुलगा घर विकायला आला. दुकानात येऊन भेटला. आई बरी आहे म्हणाला, आणि त्या मुलीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. कुठं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पण त्याच्याही आधी, सिस्टर गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत, तो चुलतभाऊ माझ्याकडे आला होता. दुपारची वेळ, मालक जेवायला गेलेले. तो काउंटरशी उभा राहिला. आधी नीट विचारलं, सिस्टर कुठं गेल्या? मी म्हणालो, माहीत नाही. मग जरा चढ्या आवाजात विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी खरं बोलतोय हे त्याला दिसलं असावं, कारण त्याचे खांदे सैल पडले.

"बरं, एवढं तरी सांगा," तो म्हणाला. आवाज पार बदलला होता. "तिला पोरगं झालं का पोरगी? सुटली का नीट? लहानपणी काटा मोडला तरी माझ्याकडं यायची ओ ती."

त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, आजही मी ते खोटं म्हणणार नाही. त्या क्षणी मला गावाचं नाव ठाऊक असतं, तर मी ते सांगून टाकलं असतं.

"मला खरंच माहीत नाही," मी म्हणालो.

त्यानं मनगटानं डोळे पुसले, मान हलवली आणि बाहेर गेला. दुकानासमोर जीप उभी होती, इंजिन चालूच ठेवलेलं. मागच्या सीटवर तिघं बसले होते. त्यांतल्या एकानं सरकून त्याला जागा करून दिली.